एक प्रत बोईसरला

चिंचणी
६ जानेवारी २०२५

चि. स्वराज यास आशीर्वाद.

शनिवारी तुमच्या दुकानात जुनी हार्डडिस्क घेऊन आलेला, कानामागे मशीन लावलेला म्हातारा तो मी. तुझे मालक जितेशशेठ यांच्याशी बोलून काही उपयोग झाला नाही. ते बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी बोललो ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. तू मात्र बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून दिल्यास. अक्षर सुवाच्य. तेव्हाच ठरवलं की हे काम लेखी करायचं. प्लांटात नोकरीला असताना कामाचं परमिट लिहिल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नसू. मी निवृत्त झालो, सवय निवृत्त झाली नाही.

माझी अडचण अशी. त्या डिस्कवर माझ्या आईची, काशीबाईची, गाणी आहेत. तिला जाऊन चार वर्षं झाली. लॉकडाउनात मी घरच्या कॉम्प्युटरला टेप जोडून एकेक कॅसेट उतरवून घेतली. आता तो कॉम्प्युटर बंद पडला. स्पीकरवर लावलं तर मला शब्द लागत नाहीत, नुसता आवाज लागतो. मात्र हे नवं कानातलं मशीन फोनला जोडतं आणि फोनमधलं थेट कानात येतं. तर घरात, ओट्यावर, वाडीत विहिरीपाशी, कुठेही बसून मला आई ऐकता यावी, असं काय घेऊ?

मुलगी मेघाली पालघरला कॉलेजात जाते, तुमच्या दुकानावरूनच. ती पत्रं आणेल, नेईल. "त्या दुकानात मी नाय जाणार" म्हणाली. का विचारलं तर भांडी आपटली. हल्लीच्या मुलांना कुठल्या दुकानाचा राग येईल सांगता येत नाही.

तुझा,
प्रतापकाका


बोईसर
९ जानेवारी २०२५

काका, नमस्कार.

पाकीट मिळालं. आणणाऱ्या व्यक्तीनं ते काउंटरवर ठेवलं नाही, आपटलं, पण मिळालं.

तुम्हाला जे पाहिजे त्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. नाव मोठं आहे, वस्तू साधी. एक डबा, आत हार्डडिस्क, आणि डब्यातून निघालेली एक वायर तुमच्या राउटरला. घरातला कुठलाही फोन त्या डब्याकडे गाणं मागतो, डबा देतो. फोन तुमच्या कानात. मध्ये पंखा नाही, कुत्रं नाही, शेजारचा मिक्सर नाही.

आता कुठला घ्यायचा. राउटरच्या पाठीला पेन ड्राइव्ह खुपसूनही गाणी वाजतात, पण पेन ड्राइव्हचा भरवसा माझ्या दोस्तांइतकाच, कधी तोंड फिरवेल सांगता येत नाही. दुकानात एक जुना कॉम्प्युटर पडलाय, त्याचाही डबा करता येईल, पण तो गिरणीसारखा घरघरतो आणि वीज खातो. सगळं इंटरनेटवर ठेवावं म्हणाल तर तुमच्याकडे वारा सुटला की केबल तुटते, म्हणजे नेमकं आठवण यावी तेव्हाच बंद. म्हणून तयार डबाच. आणि माझ्या मते चार डिस्कवाला घ्यावा. मोठं काम आहे, पाच-सहा खेपा होतील. मी रविवारी येऊ शकतो. शनिवारीही येऊ शकतो. मधल्या वारी संध्याकाळीही जमेल.

जितेशशेठ मागून बघतायत, "इतना लंबा लव्ह लेटर किसको लिख रहा है बे?" म्हणतायत. त्यांना सांगितलं, काकांना.

तुमचा,
स्वराज


चिंचणी
१५ जानेवारी २०२५

चि. स्वराज,

तिळगूळ सोबत पाठवला आहे. पुडी फुटलेली असेल तर आणणारीला विचार.

चार डिस्क कशाला? मला समुद्र भरून ठेवायचा नाही. सगळी गाणी एका डिस्कच्या कोपऱ्यात मावतात हे तूच त्या बिलावर लिहिलं होतंस. आणि पाच-सहा खेपा कशाच्या? एवढ्या खेपांत आम्ही पंप उतरवून परत चढवत असू. जे हवं ते सांग, जास्तीचं सांगू नको.

माझे प्रश्न. एक, इथली हवा खारी. पंखावाला डबा घेतला तर पंखा गंजणार. दोन, मुंग्या. मागच्या राउटरमध्ये त्यांनी अंडी घातली होती. मी डबा स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीन म्हणतो, आमच्याकडे दुधाच्या कपाटाला करतात तसं. तीन, डिस्क मेली तर? माझ्याकडे दुसरं काही नाही. कॅसेटींना बुरशी धरली होती, म्हणून गाणी उतरवून झाल्यावर मी फिती काढून वाडीत चिकूच्या आणि आंब्याच्या झाडांवरून ओढल्या. ऊन पडलं की चमकतात, वारा आला की गुणगुणतात, पोपट आणि वाघळं लांब राहतात. इथे सगळेच बांधतात. मंगला, माझी बायको, तेव्हा म्हणाली होती, "आईंचा आवाज झाडाला बांधताय?" मी म्हटलं, तिच्याच वाडीची राखण तर करतोय.

मी डबा घेतला तर त्यात एक डिस्क नवी आणि दुसरी ही जुनी, असं चालेल का? जुनी अजून ठणठणीत आहे.

प्रतापकाका


बोईसर
२० जानेवारी २०२५

काका, नमस्कार.

तिळगुळाची पुडी फुटलेली होती. तरी खाल्ला, कागदासकट चाटला.

चार डिस्कचं खोटं होतं. तुमच्याकडे यायला मला बरं वाटलं असतं म्हणून वाढवून लिहिलं. का बरं वाटलं असतं ते विचारू नका. दोन डिस्कवाला, बिनपंख्याचा घ्या. खेप एकच.

पाण्याच्या वाट्यांवर विजेची वस्तू? काका! मुंग्यांसाठी खडूची रेघ मारा, नाहीतर भिंतीला फळी ठोकू.

जुनी डिस्क चालेल. मी आधी सगळी गाणी नव्या डिस्कवर घेतो, मग जुनी पुसून जोडीला बसवतो. दोघी एकमेकींचा आरसा होतात. एकीवर जे लिहिलं ते दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी जिवंत. झोपा निवांत.

रविवारी सकाळी येतो. घरी सगळे असतील ना?

स्वराज


चिंचणी
११ फेब्रुवारी २०२५

चि. स्वराज,

तू डबा बसवून गेलास त्याला दोन आठवडे झाले. मेघाली त्या दिवशी नेमकी मैत्रिणीकडे गेली, नाहीतर तिनं शिकून घेतलं असतं. काम नेटकं केलंस. विहिरीच्या खोलीवर लावलेल्या, वायफाय लांब पोचवणाऱ्या त्या पांढऱ्या चकतीमुळे वाडीच्या टोकापर्यंत गाणं येतं.

काय ऐकलं ते लिहितो. मला वाटलं होतं गाणं ऐकू येईल. आलं ते त्याच्या आधीचं. आई खाकरली. मग म्हणाली, "चालू झाली का रं टेप? नायतर उगा घसा फुकट." हे मी पार विसरलो होतो. टेपवरून ते कधी लागलंच नव्हतं. चिकूखाली खुर्ची टाकून बसलो होतो, ऊन कलेपर्यंत उठलो नाही. मंगला चहा घेऊन आली ती चहा घेऊन परत गेली.

दोन कामं. एक, गाण्यांची यादी फोनवर फार विस्कळीत दिसते, तुला तिथे बसून नीट लावता येत असेल तर लाव. दुसरं काम खाजगी. मेघालीच्या कॉलेजात एका पोरानं तिच्यावरून मारामारी केली, स्टूल फेकलं आणि कॉलेज सोडलं, असं मला गावातून कळलं. घरात नाव कोणी सांगत नाही. तू बोईसरचा, दहा लोकांत ऊठबस. हा उनाड कोण, अजून माझ्या मुलीच्या मागे आहे का, एवढं काढ. तू समजूतदार वाटतोस म्हणून तुला सांगतो.

प्रतापकाका


बोईसर
१४ फेब्रुवारी २०२५

काका, नमस्कार.

यादी लावली. नुसती लावली नाही, साफ केली. एकच गाणं किती वेळा होतं तुमच्याकडे! हळद एक, हळद दोन, हळद तीन, पार तिशीपर्यंत. उटण्याचं तसंच, वरातीचं तसंच. प्रत्येकाचं सुरुवातीचं कडवं ऐकलं, शब्द तेच, चाल तीच. ज्यात आवाज सर्वांत स्वच्छ तेवढं प्रत्येकातलं एक ठेवलं, बाकीचं उडवलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मोकळ्या जागेत तुमच्यासाठी जुनी सिनेमाची गाणी भरून टाकली, माझ्याकडून भेट. आता फोन उघडा आणि बघा, कसं चकाचक.

त्या मुलाबद्दल. त्याला मी ओळखतो, म्हणजे तोंडओळख आहे. उनाड म्हणाल तर उनाड. डोकं गरम आहे, पण तो कुणाच्या मागे नाही. ती मुलगी त्याच्याशी गेली दिवाळी झाल्यापासून एक अक्षर बोललेली नाही आणि तो रोज एकाच वेळी दुकानाच्या, म्हणजे जिथे कुठे असेल तिथल्या, दारात उभा राहतो, एवढाच त्याचा गुन्हा. आणि स्टूल त्यानं भिंतीवर फेकलं, माणसावर नाही.

स्वराज


चिंचणी
१९ फेब्रुवारी २०२५

स्वराज,

काल नीलेश आणि उत्कर्षा आले होते. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली. आमच्या आळीत लग्नाच्या वाढदिवसाला जोडपं माझ्याकडे येतं, आईनं त्यांच्या हळदीला म्हटलेलं ऐकतं, लाडू देतं आणि जातं. मी मोठ्या रुबाबात फोन काढला. नव्या स्पीकरवर लावलं. उत्कर्षा डोळे मिटून बसली. चौथ्या कडव्याला नावं आली ती मिथुन आणि सलोनीची. उत्कर्षा म्हणाली, "ओ भाऊ, ह्यो मिथुन कोन? माजं लगीन कोनासंगती लावताय?" सगळे हसले. मीही हसलो. मग हळद सतरा शोधली. नाही. मग एकेक शोधत गेलो.

चूक माझीही आहे. तुला सांगायला हवं होतं. आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळद कांडण्यापासून वरात दारी येईपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणणारी बाई लागते, ती. धवल्याची सुरुवात सगळ्यांना एकच, देवांना आमंत्रण. देव काय बदलत नाहीत. पुढे नवरानवरीची नावं येतात, मामाचं, आत्याचं, कोण रुसलं होतं, कोण गेल्या वर्षी वारलं, मांडवाला आंबा कुणाच्या वाडीतला. ते त्या एका लग्नापुरतं. पुन्हा म्हणायचं नसतं. तू तीस वेळा एकच गाणं ऐकलं नाहीस, तीस लग्नांच्या दारातून परत फिरलास.

आवाज राहिला. माणसं गेली.

दुसऱ्या डिस्कवर असेल ना? तू आरसा म्हणाला होतास. लगेच कळव.

प्रताप

आणि ते स्टूल भिंतीवर फेकलं, हे तुला कसं माहीत?


बोईसर
२२ फेब्रुवारी २०२५

काका,

दुसऱ्या डिस्कवर नाही. आरशासमोर तुम्ही टोपी काढली तर आरशातलाही काढतो. मी एकीवरून पुसलं, दुसरीनं इमानानं पुसलं. आरसा फक्त डिस्क मेली तर कामाचा, हात चुकला तर नाही. हे मला माहीत होतं. खरंच माहीत होतं. राखणीची तिसरी प्रत वेगळी ठेवायची असते, घराबाहेर, हे मी दुकानात रोज गिऱ्हाइकांना शिकवतो. आणि तुमची एकुलती एक जुनी डिस्क मी माझ्या हातानं कोरी केली.

तुमचं पत्र आल्यावर दुकान सोडून मी तुमच्या घरी येऊन डबा घेऊन गेलो ते मंगलाकाकूंनी सांगितलंच असेल. हरवलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. नावं सापडली. हळद सतरा, हळद अठरा. उघडली की आत माझी सिनेमाची गाणी, तुकड्या तुकड्यांत. मी भेट म्हणून भरली होती ती नेमकी त्यांच्यावर बसली.

आता दुसरं. तो उनाड मी आहे. उनाड कोण ते काढ म्हणालात, ते पत्र वाचून रागानं डोकं भणभणलं होतं. तुमच्यावर नाही, माझ्यावर. त्याच रागात साफसफाईला बसलो आणि उडव, उडव, उडव करत गेलो. मला राग आला की काहीतरी फेकावं लागतं. तेव्हा स्टूल होतं, आता तुमची आई.

एक पोरगा मेघालीबद्दल बोलला आणि मी स्टूल उचललं. भिंतीवरच्या कपाटाची काच फुटली. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती जिन्यात मला म्हणाली, "तुझ्या रागाला माझं नाव का लावलंस? आता सगळं कॉलेज माझ्याकडे बघतंय." प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिहून दे आणि वर्गात बस. नाही लिहिला. घरी निघून आलो.

तो माफीनामा मी आज लिहितो आहे, चुकीच्या पत्त्यावर. काका, मला माफ करा. डब्याचे पैसे परत घ्या, दोन कानफटात मारा, काहीही. पण उत्तर लिहा.

स्वराज


बोईसर
१६ मार्च २०२५

काका, नमस्कार.

उत्तर आलं नाही. पाकीट आणणारी व्यक्ती आता पलीकडच्या फुटपाथनं जाते. तरी लिहितो, कारण लेखी कळवायचं ही पद्धत तुमची.

तुम्ही विसरला असाल, पण लॉकडाउनात तुम्ही प्रत्येक जोडप्याला त्याचं गाणं पाठवलं होतंत, हे मला उत्कर्षाकाकींनी सांगितलं. मी शिव्या खायला गेलो होतो, त्यांनी पोहे दिले. त्यांच्याच एका जुन्या, बाजूला पडलेल्या फोनमध्ये हळद सतरा निघाली, तुमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनाही आठवलं नव्हतं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या गावात असतो. तुमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो, तुम्ही पाहिलं असेल.

लोकांनी कुठे कुठे ठेवलंय बघा. जयवंतीआजींच्या मुलाचं लग्न एका काच फुटलेल्या फोनमध्ये, फोन तांदळाच्या डब्यात. काच बदलली तेव्हा बोलला. मिथुनदादा आपल्या वरातीचं गाणं रिक्षात पेन ड्राइव्हवर वाजवतात. "प्याशिंजर म्हनतात, लावा काय दुसरं. मी बोल्लो, ह्यात माजी सासू हाय, उतरा मंग." एका घरी नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत. बायको म्हणाली, "तवाच पुसलं मी त्ये." मी परत निघालो तर तो नवरा वळणावर आडवा आला, खिशातून मेमरी कार्ड काढलं, म्हणाला, "हिला नको सांगू." नाव लिहीत नाही.

प्रत्येक ठिकाणी मला आधी पूर्ण ऐकून घ्यावं लागलं, बरोबर आहे की नाही बघायला. माझे आईवडील खानदेशातून इथे आले, कंपनीच्या चाळीत राहिलो, आमच्याकडे लग्नात बँड असतो. एवढ्या सगळ्यांची नावं घेऊन कुणी गातं, हे मला माहीत नव्हतं. आता मला तुमच्या आळीतल्या सगळ्यांच्या आत्या पाठ आहेत.

काल तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मेघाली भेटली. चार महिन्यांनी पहिलं वाक्य बोलली. "माफी मागत फिरतोस की फाइली?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "फाइली तरी पुऱ्या कर."

बहुतेक सगळ्या झाल्या. पेन ड्राइव्ह सोबत आहे, तुमच्या डब्याबरोबर माझ्या एका मित्राच्या हाती पाठवतो. फक्त एक कुणाकडेच मिळत नाही. हळद एक. ते कुणाचं लग्न?

स्वराज


चिंचणी
२४ मार्च २०२५

स्वराज,

पेन ड्राइव्ह मिळाला. सगळी तपासली.

हळद एक माझं आणि मंगलाचं. आई वरमाई होती तरी तिनं दुसरी धवलारीण बोलावू दिली नाही, स्वतःच म्हटलं. ते मी कुणाला पाठवलं नाही. पाठवणार कुणाला? मंगला शेजारच्या खोलीत.

तुझं आधीचं पत्र मी मेघालीच्या आईला वाचून दाखवलं. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. या घरात मला एकट्यालाच कमी ऐकू येतं असं दिसतं. तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. लिहायला बसलो की हात कडक व्हायचा, म्हणून लिहिलं नाही. प्लांटात मी नव्या पोरांना शिकवायचो, रागात व्हॉल्व्हला हात लावू नका, आधी बाहेर जा, पाणी प्या. तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

हळद एकचा विषय सोड. जे आणलंस ते पुष्कळ आहे.

प्रताप


बोईसर
२७ मार्च २०२५

काका, नमस्कार.

पाणी पिऊन लिहितो आहे.

विषय सोडणार नाही. मी आयुष्यात एक गोष्ट मध्येच सोडली आहे, दुसरी नको. तुम्ही जानेवारीत लिहिलं होतंत की फिती झाडावर आहेत. ऊन लागलेल्या गेल्या असतील. पण जिथे दाट सावली आहे तिथली फीत? मी जुन्या टेपवाल्या एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, चुरगळली असेल, पट्टे गेले असतील, तरी एखादा तुकडा बोलेल, चुंबकाला पावसाची भीती नसते. मला तुमच्या झाडांवर चढायची परवानगी द्या. लेखी द्या. परमिट.

स्वराज


चिंचणी
५ मे २०२५

चि. स्वराज यास अनेक आशीर्वाद.

तू परमिट मागितलंस तेव्हा मी फक्त एक शब्द लिहून पाठवला होता, "चढ." आज सविस्तर लिहितो, कारण आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि तुझं पार्सल सकाळी मिळालं.

एप्रिलभर तू रविवारी झाडावर आणि मेघाली खाली, हे मी ओट्यावरून बघत होतो. तुला वाटत असेल काकांना ऐकू येत नाही. ती तुला "डाव्या हाताला बघ, आंधळा कुठला" म्हणत होती आणि तू "मग तू ये वर" म्हणत होतास, हे ऐकायला मशीन लागत नाही. जुन्या आंब्याच्या पोटातली, पानांखाली दबलेली फीत तिनं धरली, तू सोडवलीस. पुढे कोरी कॅसेट फोडून ती आत बसवणं, चालवणं, हीच हळद एक हे ओळखणं, उतरवणं, ते तुझं.

मी आणि मंगला विहिरीपाशी बसलो. मशीन कानात, आणि मंगलासाठी तोच फोन स्पीकरवर कसा लावायचा ते मेघालीनं करून दिलं. आधी नुसता वारा. मग खरखर. मग आई, पाण्याखालून बोलावी तशी. गाणं नाही. बोलणं.

"परताप, बस खाली. उठू नको टेप बघाया. आज तू नवरा हायस. टेप दुसरा कोन तरी बघंल."

तेव्हा मी खरंच उठत होतो, स्वराज. हळदीच्या पाटावरून. नवा टेपरेकॉर्डर होता, पहिल्या पगाराचा, दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नव्हता. त्यानंतर जन्मभर प्रत्येक लग्नात मी टेपशी बसलो, लोकांच्या हळदी उतरवत. माझी हळद मी ऐकलीच नव्हती, लक्ष सगळं त्या फिरत्या चक्राकडे.

पुढे देवांच्या आमंत्रणाची एक ओळ आणि फीत तुटली. नावांच्या आधीच. मी मशीन काढायला हात कानाकडे नेला, तर मंगला शेजारी म्हणायला लागली. हळू, खालच्या पट्टीत. "मांडवाच्या दारी कोन गो उभी, मंगला उभी, परतापाची सावली." सगळं म्हटलं. माझा मामा, तिची आत्या, रुसलेला धाकटा दीर, सगळे. एवढ्या वर्षांत ती माझ्यासमोर कधी गायली नव्हती. विचारलं, तुला कसं पाठ? म्हणाली, "माजं लगीन होतं. मी ऐकत होते. तुमी टेप बघत होतात." मेघालीनं ते फोनवर घेतलं आहे. हळद एक म्हणून डब्यात ठेवलं. आईचं बोलणं आधी, मंगलाचं गाणं नंतर.

आता कामाचं. तूच लिहिलं होतंस की तिसरी प्रत घराबाहेर, लांब ठेवायची. चिंचणीत ठेवून उपयोग नाही, वादळ आलं तर सगळी गल्ली एकाच वाऱ्यात. म्हणून सोबत नवी डिस्क पाठवतो. सगळी लग्नं तिच्यावर घेऊन ती बोईसरला तुझ्या घरी, तुझ्या कपाटात राहील. सांभाळणं तुझ्याकडे. आता गावात नवी लग्नं होतील, मंगलाला म्हणायला बोलावणं येईल, भर पडत जाईल. ती भर घ्यायला दर महिन्याला यायचं. पाकीट घेऊन मेघाली येणार नाही, तूच यायचं, आणि दारावरून जाताना मान वर ठेवायची. जेवून जायचं.

तुझा,
प्रतापकाका

(खाली, वेगळ्या अक्षरात)

डिंक लावायच्या आधी वाचलं. नेहमीच वाचते.

ते स्टूल अजून लॅबमध्ये आहे, एक पाय लंगडा. कोणी बसत नाही. प्राचार्यांना परवा विचारलं, ते म्हणाले माफीनाम्याला मुदत नसते, प्रवेशाच्या फॉर्मला असते. बाहेर नोटीस लावली आहे. तारीख मी सांगणार नाही, येऊन बघ.

यावेळी माझं नाव लावू नको. तुझं स्वतःचं लिही.

मेघाली